शिकायला शहरात आलात? कमी चार्जवालं बँक खातं आणि डेबिट कार्ड असं निवडा

जुलै-ऑगस्टमध्ये ॲडमिशन झाल्या की होस्टेलवर दरवर्षी तोच प्रश्न फिरतो, खातं कोणत्या बँकेत उघडू? आणि उत्तरं पण ठरलेली. एकजण म्हणतो सरकारी बँक नको, लाइन असते. दुसरा म्हणतो अमक्या प्रायव्हेट बँकेचं ॲप भारी आहे. आणि मेसबाहेर छत्री लावून बसलेला एजंट म्हणतो झिरो बॅलन्स आहे, आधार दे, दोन मिनिटांत करतो. मी लातूरहून पुण्याला शिकायला आलो तेव्हापासून स्वतःची, धाकट्या भावाची आणि होस्टेलच्या ज्युनियर पोरांची बँकेची कामं करत आलोय, त्यातनं जे कळलं ते सगळं इथे एका जागी लिहितोय. पुणे धरून लिहितोय पण नागपूर, नाशिक, संभाजीनगर कुठेही तेच चालतं, मुंबईत फक्त एटीएमच्या बाबतीत फरक आहे, तो त्या भागात सांगतो.

आधीच डोक्यात घट्ट बसवा, झिरो बॅलन्स म्हणजे झिरो चार्ज असं अजिबात नसतं. आपण सगळे विचारतो "खात्यात किती ठेवावे लागतात?", पण "वर्षाला किती कापणार?" हे कुणी विचारत नाही, आणि काउंटरवरचा माणूस आपणहून सांगत नाही.

१. आधी बघा, नवीन खातं लागतंच का?

खरं सांगायचं तर निम्म्या पोरांना लागत नाही. शाळेत असताना स्कॉलरशिपसाठी किंवा घरच्यांनी कधीतरी एखाद्या सरकारी बँकेत काढलेलं खातं असतं. ते गावाकडच्या ब्रँचमध्ये आहे म्हणून पुण्यात चालणार नाही असं काही नाही. पैसे काढणं, भरणं, पासबुक छापणं ही कामं त्याच बँकेच्या कुठल्याही ब्रँचमध्ये होतात, आणि अगदीच वाटलं तर तोच खातेनंबर ठेवून ब्रँच बदलून मिळते. त्यामुळे नवीन खात्याच्या मागे लागण्याआधी जुन्या खात्याच्या चार गोष्टी तपासा.

पहिली, खातं मायनर असताना काढलेलं आहे का. तसं असेल तर १८ पूर्ण झाल्यावर नवीन फोटो, नवीन सही आणि केवायसी (ओळख-पत्त्याचे कागद) द्यावं लागतं, ते होईपर्यंत बँक पैसे काढू देत नाही. वाढदिवस फर्स्ट इयरच्या मध्येच कुठेतरी येतो आणि पोरांना हे कळतं ते फीच्या शेवटच्या तारखेला.

दुसरी, ते 'स्मॉल अकाउंट' तर नाही ना. जनधन योजना २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली, तेव्हा पुरेसे कागद नसलेल्यांची खाती नुसत्या फोटो आणि सहीवर पण उघडता यायची. अशा खात्यात शिल्लक ५० हजारांच्या वर चालत नाही, वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त जमा होत नाही आणि महिन्याला १० हजारांपेक्षा जास्त काढता येत नाहीत. म्हणजे वडिलांनी कांदा विकून फीसाठी ६० हजार टाकायचे म्हटले तर ते जमा व्हायलाच अडचण, आणि जमा झाले तरी काढायला अडचण. उपाय सोपा आहे, ब्रँचला जाऊन आधार-पॅन देऊन पूर्ण केवायसी करून घ्यायचं, मग या मर्यादा जातात. पण हे जूनमध्येच करा, ऐन फीच्या आठवड्यात नको.

तिसरी गोष्ट मोबाइल नंबर. खात्याला वडिलांचा किंवा काकांचा नंबर असेल तर यूपीआय तुमच्या फोनवर सुरूच होणार नाही आणि प्रत्येक ओटीपीला गावाकडे फोन लावावा लागेल, ते पण तेव्हा रानात असणार. चौथी, ती नेमकी बँकच आहे ना, का पतसंस्था आहे. पतसंस्थेतल्या पैशाला ठेव विम्याचं संरक्षण नसतं. बँकेत, मग ती सरकारी असो, प्रायव्हेट असो की सहकारी, एका माणसाचे एका बँकेतले व्याजासकट ५ लाखांपर्यंतचे पैसे विम्याखाली येतात. पण विमा असला तरी बँकेवर निर्बंध आले की पैसे काही काळ अडकतातच. पीएमसी या सहकारी बँकेचं २०१९ मध्ये काय झालं, सुरुवातीला खातेदारांना फक्त १००० रुपये काढायला मिळत होते, आणि पुण्याच्या रुपी बँकेचं लायसन्स २०२२ मध्ये रद्दच झालं. गावातली सहकारी बँक घरच्या व्यवहाराला ठीक आहे, पण तुमचं रोजचं जेवणखाण, रूमभाडं, फी ज्या खात्यावर चालणार ते तरी मोठ्या बँकेत असू द्या असं माझं मत.

या चारही गोष्टी ठीक असतील तर नवीन खातं उघडू नका, सरळ भाग ५ वर जा आणि कार्डाचं बघा.

२. वर्षाला किती कापलं जातं याचा हिशोब मांडा

एखाद्या सिनियरचं पासबुक मागून घ्या, किंवा तुमच्याच जुन्या खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट ॲपमधून काढा आणि फक्त बारीक रकमा शोधा. १७.७०, २३.६०, २७.१४, २३६ अशा विचित्र रकमा दिसतील. मेसवाल्याला किंवा झेरॉक्सवाल्याला आपण कधी १७ रुपये ७० पैसे देत नाही, म्हणजे पैशात आलेली रक्कम बहुतेक वेळा बँकेचा चार्ज अधिक १८ टक्के जीएसटी असते. १७.७० म्हणजे १५ रुपये एसएमएसचे आणि वर जीएसटी, हे बऱ्याच बँका दर तीन महिन्यांनी घेतात. २७.१४ म्हणजे एटीएमचे फुकटचे व्यवहार संपल्यावरचे २३ रुपये आणि जीएसटी. २३.६० म्हणजे खात्यात ३०० असताना एटीएममधून ५०० काढायला गेलात, पैसे निघाले नाहीत, तरी २० रुपये आणि जीएसटी गेला. २३६ म्हणजे डेबिट कार्डाचे वर्षाचे २०० अधिक जीएसटी.

आता समजा तुमच्या खात्यात वर्षभर सरासरी ४००० रुपये असतात. मोठ्या बँकांचा बचत खात्याचा व्याजदर सध्या २.५ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे वर्षाचं व्याज १०० रुपये. आणि कार्डाचे गेले २३६. त्यात महिन्याला दोन वेळा जादा एटीएम वापरलं तर वर्षाचे ६५१ रुपये वेगळे. म्हणून कोण अर्धा टक्का व्याज जास्त देतं हे विद्यार्थ्याने बघत बसण्यात काही अर्थ नाही, चार्ज बघायचे.

मिनिमम बॅलन्सचा हिशोब तर बऱ्याच जणांना उलटा माहीत असतो. बहुतेक बँका 'महिन्याची सरासरी' बघतात, म्हणजे रोज दिवसअखेर खात्यात जे असेल त्याची बेरीज करून दिवसांनी भागायचं. घरून आलेले १५ हजार पहिले दहा दिवस खात्यात होते, मग भाडं आणि मेस देऊन उरलेले वीस दिवस ३ हजार होते, तर सरासरी ७ हजार. बँकेची अट १० हजारांची असेल तर ३ हजार कमी पडले. त्यावर ६ टक्के घेणारी बँक असेल तर १८० रुपये आणि जीएसटी, एकूण २१२.४०, एका महिन्याचे! असा दंड लावण्याआधी बँकेने मेसेज, मेल किंवा पत्राने कळवून एक महिना मुदत द्यायची असते आणि नुसत्या या दंडामुळे खातं मायनसमध्ये नेता येत नाही, रिझर्व्ह बँकेचे हे नियम एप्रिल २०१५ पासून लागू आहेत. जुना, बंद पडलेला मोबाइल नंबर खात्याला असला की तो मेसेज कुणालाच मिळत नाही, हे पण लक्षात ठेवा.

चार्जेसचा अधिकृत तक्ता प्रत्येक बँकेच्या वेबसाइटवर अगदी खाली 'सर्व्हिस चार्जेस' किंवा 'शेड्यूल ऑफ चार्जेस' नावाने असतो. पीडीएफ लांबलचक असते, सगळी वाचायची गरज नाही, बचत खात्याच्या पानावर हे शोधा: किमान शिल्लक, डेबिट कार्डाची वार्षिक फी, एसएमएस, एटीएम, खातं बंद करण्याचा चार्ज, कार्ड हरवल्यास नवीन कार्डाचे पैसे. रीलमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर कुणी सांगितलेले आकडे धरू नका, ते कधीचे असतील सांगता येत नाही.

३. कोणत्या प्रकारचं खातं मागायचं

माझी पहिली पसंती 'बेसिक सेव्हिंग्ज' खात्याला, बँकेच्या भाषेत बीएसबीडी. हे प्रत्येक बँकेत असतं, प्रायव्हेटमध्ये सुद्धा, आणि ते गरीब-श्रीमंत असं बघून द्यायचं नसतं, कुणीही मागू शकतं. किमान शिल्लक नाही, एटीएम-डेबिट कार्ड फुकट आणि त्याला वार्षिक फी नाही, महिन्यातून किमान ४ वेळा पैसे काढणं फुकट, पैसे भरायला कितीही वेळा मुभा. अडचण एवढीच की त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, असेल तर ३० दिवसांत बंद करायचं. आधीच साधं बचत खातं असेल तर अर्ज देऊन तेच बेसिकमध्ये बदलून घेता येतं.

गंमत अशी की काउंटरवर "बेसिक खातं द्या" म्हटलं की बऱ्याचदा "ते जनधनवाल्यांसाठी असतं" किंवा "त्यात काही सुविधा नसतात" असं उत्तर मिळतं. वाद घालू नका, पण "बीएसबीडी पाहिजे, रिझर्व्ह बँकेच्या नियमातलं" असं नाव घेऊन मागा आणि फॉर्मवर तसं लिहिलंय का ते बघा. पूर्वी काही बँका बेसिक खात्यात यूपीआयचे व्यवहार पण त्या ४ मध्ये मोजून पुढच्या प्रत्येकाला १७.७० कापायच्या. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आशिष दास यांनी हा विषय आकडेवारीसकट लावून धरला, आणि २०२० मध्ये आयकर खात्याने जानेवारी २०२० पासून कापलेले असे चार्ज परत करायला बँकांना सांगितलं.

बेसिक देतच नसतील किंवा तुम्हाला चेकबुक वगैरे जास्त लागत असेल तर सरकारी बँकेतलं साधं बचत खातं. स्टेट बँकेने किमान शिल्लकेची अट २०२० मध्येच काढली, आणि २०२५ च्या जून-जुलैपासून कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा आणि इंडियन बँकेने पण साध्या बचत खात्यावरचा हा दंड बंद केला. म्हणजे इथे फक्त कार्डाची फी आणि एसएमएस एवढंच राहतं. उलट बाजूला शहरातल्या ब्रँचसाठी एचडीएफसीची अट १० हजारांची आहे आणि आयसीआयसीआयने ऑगस्ट २०२५ मध्ये नवीन खात्यांना ५० हजार लावून बोंबाबोंब झाल्यावर १५ हजारांवर आणली. या बँका वाईट आहेत असं नाही, पण महिनाअखेरीला ज्याच्या खात्यात ६०० रुपये उरतात त्याने तिथे साधं बचत खातं काढू नये. कॉलेजचा बँकेशी करार असला तर तिथेच झिरो बॅलन्सचं स्टुडंट खातं मिळतं, ते चालेल, फक्त विचारून घ्या की कॉलेज संपल्यावर त्याचं काय होतं. बऱ्याचदा ते गुपचूप साध्या खात्यात बदलतं आणि नोकरी शोधायच्या दिवसांत दंड सुरू होतो.

ॲपवरून उघडणारी झिरो बॅलन्स खाती सोयीची आहेत, पण नुसत्या आधार ओटीपीवर उघडलेल्या खात्यात शिल्लक १ लाखाच्या आत आणि वर्षाची जमा २ लाखांच्या आत ठेवावी लागते, वर्षभरात पूर्ण केवायसी केलं नाही तर खातं बंद होतं. व्हिडिओ केवायसी करून टाका, त्याला ओरिजनल पॅन कार्ड, कोरा कागद, पेन आणि बरं नेटवर्क लागतं, होस्टेलच्या वायफायवर बसू नका. अशा खात्यांत व्हर्च्युअल कार्ड फुकट आणि प्लास्टिकचं कार्ड पैसे देऊन, असं बहुतेक ठिकाणी असतं.

पेमेंट्स बँक (एअरटेल पेमेंट्स बँकेसारखी) हे मुख्य खातं म्हणून नको. दिवसअखेर २ लाखांची मर्यादा आहे हा मुद्दा विद्यार्थ्याला फारसा नडत नाही, खरी भानगड पुढच्या भागात आहे.

४. स्कॉलरशिप येणार असेल तर हा भाग दोनदा वाचा

महाडीबीटीचे (राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलचे) पैसे तुम्ही फॉर्मात लिहिलेल्या खातेनंबरवर येतील असं धरून चालू नका, ते आधारवर येतात. म्हणजे एनपीसीआयच्या (यूपीआय आणि रुपे चालवणाऱ्या संस्थेच्या) यादीत तुमच्या आधारसमोर ज्या बँकेचं नाव आहे तिथे जातात, आणि त्या यादीत एका वेळी एकाच बँकेचं नाव असतं, शेवटी जिने जोडून घेतलं तिचं.

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खात्याला आधार 'लिंक' असणं म्हणजे बँकेकडे तुमचा आधार नंबर नोंदलेला असणं. 'सीडिंग' म्हणजे डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) त्या बँकेचं नाव एनपीसीआयच्या यादीत जाणं. ब्रँचमधला कर्मचारी स्क्रीन बघून "हो हो, लिंक आहे" म्हणतो तो पहिल्याबद्दल बोलत असतो. तुम्ही विचारायचं दुसऱ्याबद्दल, आणि त्यासाठीचा वेगळा संमती फॉर्म भरून पोच घ्यायची. नंतर माय आधार पोर्टलवर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, तिथे बँकेचं नाव आणि ॲक्टिव्ह असं दिसलं की काम झालं. खातेनंबर तिथे पूर्ण दिसत नाही, त्याची काळजी करू नका.

आणि आता एजंटवाली भानगड. तुम्ही गंमत म्हणून, पन्नास रुपये कॅशबॅकसाठी म्हणून, किंवा सिम घेताना अंगठा लावून नवीन खातं उघडता आणि त्या फॉर्मात डीबीटीची टिक आधीच लावलेली असते. झालं, यादीत नाव बदललं. स्कॉलरशिप त्या विसरलेल्या खात्यात जाते आणि तुम्ही सहा महिने समाजकल्याणच्या हेल्पलाइनला शिव्या देत बसता. हे नवीन नाही, २०१७ मध्ये सिमसाठी दिलेल्या आधारवर एअरटेल पेमेंट्स बँकेत खाती उघडून लोकांची गॅस सबसिडी तिकडे वळल्याच्या तक्रारी झाल्या होत्या आणि आधार प्राधिकरणाने त्यांचं ई-केवायसी (आधारवरून ऑनलाइन ओळख तपासणं) थांबवलं होतं. पैसे दिसत नसतील तर सगळ्यात आधी सीडिंग स्टेटस बघा, पैसे बहुतेक वेळा 'गेलेले' असतात, फक्त दुसऱ्या घरी.

५. डेबिट कार्ड

साधं रुपे कार्ड घ्या. संपला विषय, असं म्हणायचं होतं पण ब्रँचमध्ये प्लॅटिनम बिट्टिनम गळ्यात मारतात म्हणून थोडं लिहितो. प्लॅटिनम कार्डावर एअरपोर्ट लाउंज मिळतं, आपण स्वारगेटवरून एसटीने जाणार. वार्षिक फी मात्र साध्या कार्डापेक्षा जास्त. फॉर्मवर कार्डाचा प्रकार कोरा सोडला तर समोरचा त्याच्या सोयीने भरतो, म्हणून स्वतः लिहा, 'रुपे क्लासिक' किंवा त्या बँकेत जे सगळ्यात खालचं असेल ते.

रुपेचा अजून एक फायदा म्हणजे जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट आणि यूपीआयवर दुकानदाराकडून एमडीआर (प्रत्येक पेमेंटमागचा बँकेचा चार्ज) घेता येत नाही, त्यामुळे कॉलेजच्या फी पोर्टलवर इतर पर्यायांना 'कन्व्हिनियन्स फी' दिसते तेव्हा या दोघांसमोर बहुतेक वेळा शून्य असतं. पेमेंट करायच्या आधी प्रत्येक पर्यायावर क्लिक करून शेवटची रक्कम बघा, ७० हजारांच्या फीवर १ टक्का म्हणजे ७०० रुपये, मेसचा आठवडा निघतो त्यात. शिक्षणाच्या फीसाठी यूपीआयची मर्यादा ५ लाखांपर्यंत आहे, नेहमीसारखी १ लाख नाही, अर्थात तुमच्या बँकेने आणि कॉलेजने ती चालू केलेली असली तर. पण नवीन फोनवर यूपीआय आजच सुरू केलं असेल तर पहिल्या २४ तासांत ५ हजारांच्या वर जात नाही, फीच्या शेवटच्या दिवशी नवीन मोबाइल घेऊ नका.

व्हिसा किंवा मास्टरकार्ड कुणाला लागेल, तर ज्याला परदेशी परीक्षेची फी किंवा परदेशी वेबसाइटवर डॉलरमध्ये पैसे भरायचेत त्याला. तिथेही बँक साधारण ३ ते ३.५ टक्के जादा लावते, वर जीएसटी. ते काम एकदाच असेल तर घरातल्या कुणाचं तरी कार्ड वापरा.

कार्ड घ्यायचंच नाही असं चालतं का? चालतं, यूपीआय पिन आधार ओटीपीवर पण सेट होतो. पण फोन हरवला किंवा पाण्यात पडला की हातात एक रुपया राहत नाही, म्हणून मी तरी एक कार्ड ठेवा म्हणेन.

६. कागदपत्रं

- आधार कार्ड, मोबाइल नंबर लिंक असलेलं. नंबर लिंक नसेल तर आधी आधार केंद्रावर जा, बाकी सगळं त्यावर अडतं.
- पॅन कार्ड. नसेल तर आयकर खात्याच्या पोर्टलवर आधारवरून ई-पॅन फुकट मिळतं, सायबर कॅफेत २०० रुपये देऊ नका. तोपर्यंत पॅन नसल्याचा बँकेतला फॉर्म भरून काम चालतं.
- पासपोर्ट साइज फोटो, दोन लागतात, चार ठेवा.
- कॉलेजचं बोनाफाइड किंवा आयडी आणि ॲडमिशनची पावती, स्टुडंट खातं असेल तर.
- १८ पेक्षा लहान असाल तर पालकांचं आधार-पॅन आणि शक्यतो पालक स्वतः.

पत्त्यावरून हमखास अडवतात. आधारवर गावचा पत्ता, राहणार सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, रूममालक भाडेकरार करून देत नाही. आधारने ई-केवायसी केलं असेल तर सध्याचा पत्ता स्वतः लिहून सही करून दिला तरी चालतो असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, स्वयंघोषणा म्हणतात त्याला. तरीही होस्टेलचं किंवा कॉलेजचं पत्र असेल तर जोडा, डोकेफोड वाचते.

७. ब्रँचमध्ये गेल्यावर

महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार बँक बंद असते, आणि पगाराच्या आठवड्यात जाऊ नका. मंगळवार-बुधवारी सकाळी उघडल्या उघडल्या जा.

फॉर्मच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर चौकटींची एक रांग असते, एसएमएस अलर्ट, चेकबुक, नेट बँकिंग, डेबिट कार्ड, आणि त्यांच्याच ओळीत बारीक अक्षरात विम्याच्या दोन योजना. समोरचा पेन्सिलने तीन ठिकाणी फुल्या मारतो, "इथे, इथे आणि इथे सही कर". तिथेच थांबायचं. पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये, अपघाताचं २ लाखांचं कव्हर, हा मी घ्या म्हणेन, बाइकवर फिरणारी पोरं आपण. जीवन ज्योती ४३६ रुपये, तो आयुर्विमा आहे, तुमच्यावर घरात कुणी अवलंबून नसेल तर आत्ता घाई नाही. दोन्ही दरवर्षी मे-जूनच्या सुमाराला आपोआप कापले जातात आणि नको असतील तर बंद करायला अर्ज द्यावा लागतो. ठरवून घ्या, नकळत नको.

याशिवाय "खातं उघडायचं तर एक छोटी पॉलिसी घ्यावी लागते" असं कुणी म्हणालं तर ते साफ खोटं आहे. अशी कुठलीच अट नाही. माझ्या ओळखीच्या एका पोराच्या नावावर अशीच वर्षाला १२ हजारांची पॉलिसी निघाली होती, त्याला वाटलं एफडी आहे. पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते म्हणून तो सुटला. सही करायच्या आधी कागदावर 'प्रीमियम' शब्द आहे का ते बघा, असेल तर ती एफडी नाही.

निघताना फॉर्मचे फोटो काढा, विशेषतः टिकवाल्या पानाचा.

८. कार्ड हातात आल्यावर

पिन बँकेच्या एटीएमवर किंवा ॲपमधून स्वतः सेट करा. नवीन कार्ड फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं, ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून देणं बंदच असतं, ते आपण ॲपमधून चालू करायचं. त्यामुळे पहिल्यांदा ऑनलाइन पेमेंट फेल झालं की कार्ड खराब म्हणून बँकेत पळू नका. ऑनलाइन चालू करा, परदेशी बंदच ठेवा, टॅपची मर्यादा १००० वर आणा कारण टॅप करून ५ हजारांपर्यंत पिन न टाकता जातात. एटीएमची रोजची मर्यादा पण कमी करून ठेवा.

चहा-वडापावचे यूपीआय व्यवहार यूपीआय लाइटवर (ॲपमधलं छोट्या रकमांचं पाकीट) टाका, चार्जचा संबंध नाही पण स्टेटमेंट स्वच्छ राहतं आणि छोट्या छोट्या दीडशे ओळींत ते १७.७० लपत नाहीत.

९. एटीएम

स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला ५ व्यवहार फुकट. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद या सहा शहरांत ३, बाकी सगळीकडे ५. पुणे या सहांत नाही, म्हणजे पुण्यात ५. इंटर्नशिपला मुंबईला गेलात की ३. बॅलन्स बघणं, मिनी स्टेटमेंट काढणं हे पण व्यवहारात मोजलं जातं, म्हणून बॅलन्स ॲपवर बघा.

पैसे खात्यातून गेले पण मशीनमधून आले नाहीत तर स्लिप जपून ठेवा. पाच दिवसांत बँकेने परत जमा करायचे असतात, त्यानंतर प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, न मागता.

१०. खातं कुणालाही वापरायला देऊ नका

कॅम्पसवर हल्ली हे जोरात आहे. "तुझं खातं वापरू दे, पैसे येतील, पुढे पाठवायचे, तुला ५ हजार." किंवा "कार्ड आणि सिम दे, महिन्याला भाडं देतो." ते पैसे सायबर फसवणुकीचे असतात आणि पोलीस पहिल्यांदा पोचतात ते ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्याकडे. खातं गोठतं, त्यात तुमचे स्वतःचे फीचे पैसे पण गोठतात, आणि गुन्हा कुठल्या तरी दुसऱ्याच राज्यात नोंद असतो. सिनियर म्हणाला, रूमपार्टनर म्हणाला, तरी नाही. अनोळखी रक्कम खात्यात आली तर ती स्वतः परत पाठवू नका, बँकेला लेखी कळवा.

तुमचेच पैसे कुणी उडवले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेत तक्रार नोंदवून नंबर घ्या. तुमची चूक नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान बँकेचं, तुमचं नाही.

११. नको असलेलं खातं बंद करा, आणि चुकीचं कापलं तर भांडा

पडून असलेलं जुनं खातं तसंच सोडू नका. बऱ्याच बँकांत उघडल्यापासून १४ दिवसांत किंवा एक वर्षानंतर बंद केलं तर चार्ज नाही, मधल्या काळात केलं तर लागतो, म्हणून एजंटच्या नादाने उघडलेलं खातं पहिल्या १४ दिवसांतच बंद करा. बंद करायच्या आधी मात्र सीडिंग दुसऱ्या बँकेकडे गेलंय ना ते बघा, नाहीतर स्कॉलरशिप बंद खात्यावर आपटून परत जाते. कार्ड कापून जमा करा आणि बंद केल्याची पोच घ्या.

चुकीचा चार्ज दिसला तर आधी बँकेच्या ॲपवर किंवा ब्रँचमध्ये लेखी तक्रार, त्यात तारीख, रक्कम आणि चार्जच्या तक्त्यातली ओळ लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार करता येते, फुकट आहे, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. ज्युनियर पोरांच्या बाबतीत माझा अनुभव असा की लोकपालापर्यंत जावंच लागत नाही, ब्रँचच्या अर्जात शेवटी "अन्यथा लोकपालाकडे तक्रार करीन" ही ओळ असली की २३६ रुपये पुढच्या आठवड्यात उलटून खात्यात येतात. अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का मारून घ्यायला विसरू नका.